आई-बाबा, आधी पूर्ण वाचा

नाशिक, रविवार रात्र

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

परवा फोनवर आई रडायला लागली आणि बाबा, तुम्ही "बरं" एवढंच म्हणून फोन ठेवलात. तुमचं ते "बरं" मी ओळखते. दादाने सुरतेला जायचं सांगितलं तेव्हाही तुम्ही तेवढंच म्हणाला होतात आणि मग दोन दिवस ओट्यावरून उठला नव्हतात. म्हणून हे पत्र. फोनवर मलाही रडू येतं आणि सांगायचं ते राहून जातं.

मी नर्स म्हणून जॉर्डनला जाते आहे, दोन वर्षांसाठी. राजीनामा दिला, व्हिसा आला, तिकीट निघालं. तुम्हाला विचारून मग ठरवायला हवं होतं, हे मला कळतं. पण तुम्ही नको म्हणाला असतात तर माझा पाय निघालाच नसता. तेवढ्यासाठी विचारलं नाही. ही माझी चूक आहे आणि त्याबद्दल मी तुमची माफी मागते. जाण्याबद्दल मात्र मागत नाही, कारण ते मी दीड वर्ष प्रार्थना करून ठरवलं आहे. पाळकसाहेबांना सगळं माहीत होतं. त्यांना काही बोलू नका, गप्प राहायला मीच सांगितलं होतं.

ठिकाणाचं नाव मफ्राक. राजधानी अम्मान, तिथून उत्तरेला, नंदुरबारहून दोंडाईच्याला जाऊन परत येण्याएवढं अंतर. सीरियाची हद्द जवळ आहे, हे लपवत नाही. टीव्हीवर बघून तुम्ही ते शोधून काढणारच. २०१२ मध्ये सीरियातून जीव घेऊन आलेल्या लोकांसाठी झातारीची छावणी उभी राहिली, ती याच भागात. मी जाणार ते छावणीत नाही, छातीच्या रोगांच्या दवाखान्यात. त्याचं नाव अन्नूर. नूर म्हणजे उजेड, हे तुम्हाला सांगायला नको. १९६५ साली एलिनॉर सोल्टाऊ नावाच्या डॉक्टरबाई आणि आयलीन कोलमन नावाच्या नर्स अशा दोघींनी तो सुरू केला, वाळवंटात तंबू टाकून राहणाऱ्या बदू लोकांसाठी. ही माणसं मेंढरं घेऊन फिरतात. क्षयाच्या गोळ्या सहा महिने न चुकता घ्यायच्या आणि बिऱ्हाड तर दर थोड्या दिवसांनी हलतं. आपल्याकडे धडगाव-अक्कलकुव्याची माणसं ऊस तोडायला गुजरातेत जातात आणि गोळ्या मधेच सुटतात, तसंच हे.

दादा म्हणाला, तुम्ही विचारलंत की मग धडगाव काय वाईट आहे? बाबा, हा प्रश्न मी स्वतःला तुमच्याआधी विचारला. जगातले क्षयाचे पाव रुग्ण आपल्या देशात आहेत, हे शिकूनच मी पास झाले. तुमचं बरोबर आहे आणि माझ्याकडे त्याला पुरं पडेल असं उत्तर नाही. एवढंच आहे की मी जन्मले ते चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात. त्या कामासाठी परक्या देशातून बाया इथे आल्या, अहिराणी शिकल्या, कोदऱ्या-भगरीवर राहिल्या. त्यांच्याही आईवडिलांनी त्यांना विचारलं असेल, इथले रोगी काय कमी आहेत? त्या इथे आल्या म्हणून आपलं घर आज आहे तसं आहे. माझ्या वाट्याची दोन वर्षं मला द्यायची आहेत. परत येईन ती आपल्याच जिल्ह्यात काम करायला. हे मी लिहून देते आहे, पत्र जपून ठेवा.

आणि आई, तुझा प्रश्न, "मुसलमानांच्या मुलखातच का?" त्याचं उत्तर चहाच्या एका कपात आहे.

मी पाचवीत होते. बाबांच्या क्षयाचं ते वर्ष. बाबा, तुम्हाला नको वाटतं त्यावर बोललेलं, पण आज बोलू द्या. तुमचा कप वेगळा केला होता. पांढरा, दांडीपाशी टवका उडालेला, आणि कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून त्याच्या तळाला कुणीतरी खिळ्याने फुली मारली होती. कुणी मारली ते आपल्या तिघांना माहीत आहे. ते माणूस आता नाही, म्हणून नाव घेत नाही, आणि मनातही काही ठेवलेलं नाही. तो कप खिडकीत उपडा असायचा. शाळेतून आले की मला आधी तो दिसायचा. क्षय भांड्यातून पसरत नाही, खोकल्यातून हवेत पसरतो, हे मला नर्सिंगच्या पहिल्या वर्षी कळलं आणि त्या रात्री मी होस्टेलच्या मोरीत जाऊन रडले. तेव्हा आपल्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. गल्लीतल्या पिंजारी चाचीलाही नव्हतं. तरी तिने काय केलं? गादीचा कापूस पिंजून झाला होता, केसांत, भुवयांत कापसाचे तंतू तसेच, आणि ती चहाचं पातेलं घेऊन आली. खिडकीतला कप बघितला, उचलून मोरीत ठेवला आणि स्वतःच्या घरच्या कपात बाबांना चहा ओतला. "इसमें पियो भाईजान," म्हणाली. बाबांनी दोन्ही हातांनी कप धरला होता. मी दारात दप्तर घेऊन उभी होते. आपल्या नात्यातलं तेव्हा कुणी उंबरा ओलांडत नव्हतं, आई.

म्हणून मला तो मुलूख परका वाटत नाही. चाचीच्या माणसांकडे निघाले आहे असं वाटतं.

बाकी तुझी काळजी कळते. तिथे मी कुणाचा धर्म बदलायला जात नाही. मुसलमानांमध्ये धर्मप्रचाराला तिथल्या कायद्याने बंदी आहे, आणि बंदी नसती तरी खाटेवर खोकणाऱ्या माणसाला मी अशा गोष्टीत अडकवलं नसतं. त्याची गोळी वेळेवर, त्याचं जेवण गरम, त्याच्या थुंकीचा डबा स्वच्छ. कुणी आपणहून विचारलं, बाई तू एवढ्या लांबून का आलीस, तर खरं ते सांगेन: प्रभूने सांगितलं म्हणून. तेवढं लपवणार नाही. बाबा, तुम्हीच शिकवलंय की साक्ष आधी हाताने द्यायची, तोंडाने मागाहून.

जॉर्डनमध्ये ख्रिस्ती लोक आहेत, थोडे, पण फार जुने. मदाबा गावच्या देवळात फरशीवर सहाव्या शतकातला नकाशा आहे, रंगीत खड्यांचा. त्यात यार्देन, म्हणजे जॉर्डन नदी दाखवली आहे आणि तिच्यातला एक मासा मृत समुद्राच्या तोंडाशी येऊन माघारी वळलेला. पुढे खारं पाणी आहे हे त्याला कळलंय! हे वाचलं तेव्हा शब्बाथशाळेच्या भिंतीवरचा तुमचा नकाशा आठवला, वाळवीने कनान देशाचा कोपरा खाल्लेला. तुम्ही निळ्या खडूने यार्देन परत ओढायचात आणि खडूचे हात माझ्या गालांना पुसायचात. नबो डोंगरही तिथेच आहे. सुट्टीत जाईन तेव्हा तिथून व्हिडिओ कॉल लावते. मोशेने तिथून वचनाचा देश पाहिला, तो तुम्हीही बघा.

आता राहण्या-खाण्याचं. दवाखान्याच्या आवारातच खोली आहे, आम्ही दोघी मिळून. दुसरी केरळची आहे, फोनवर बोललो, मायाळू वाटते. थंडीत रात्री पारा शून्याच्या आसपास जातो म्हणून हीटर आहे. पाणी आठवड्यातून एकदा येतं आणि गच्चीवरच्या टाक्यांत भरून ठेवतात. त्यात मला कुणी काही शिकवायला नको, नंदुरबारची मुलगी आहे मी. रोज गरम रोटी मिळते, खुब्ज म्हणतात. मसुराचं वरण, दही, भात, काकडी, ऑलिव्ह. उपाशी राहणार नाही. तिखट मात्र नाही. तेव्हा आई, यंदाच्या पथारीवरच्या मिरचीचं दोन किलो तिखट आणि थोड्या बिबड्या बांधून दे. कळण्याचं पीठ नको, वजन होतं. (बरं, अर्धा किलो दे.) अंगभर कपडे, डोक्याला स्कार्फ, रमजानात दिवसा चारचौघांत पाण्याचा घोटही नाही, हे सगळं पाळीन. मास्क आणि छातीच्या फोटोची तपासणी ठरलेली असते. कोरोनात सात महिने वॉर्डात काढलेत मी. तेव्हा तू पोस्टाने हळद पाठवली होतीस.

भाषेला घाबरू नका. महिनाभर शिकते आहे. साबणाला साबून, खुर्चीला कुर्सी, हवेला हवा, औषधाला दवा. आणि भेटल्यावर सलाम. आपण दर रविवारी मंडळीच्या दारात एकमेकांना म्हणतो तोच.

आता माझं ऐका, आणि टाळू नका.

बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन डिसेंबरात म्हणजे डिसेंबरातच. "चिमी आल्यावर बघू" चालणार नाही. दादा चार दिवस रजा काढणार आहे, बोलून झालंय. तोवर अंधारात स्कूटर काढायची नाही. मिरचीचे दिवस सुरू झाले की मार्केटकडचा रस्ता सोडा, तुमच्या छातीला मिरचीचा ठसका सोसत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर मला फोन करायच्या आधी थुंकी तपासायची. हे एक मी हात जोडून सांगते.

आई, बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नसते. गेल्या पावसाळ्यात काय झालं ते विसरू नको. कुरडया घालायला गच्चीवर चढायचं नाही, गुडघ्याला सांग मी सांगितलंय म्हणून. कुरडया विकत आणा. मला माहीत आहे तू आणणार नाहीस, तर निदान चाचीच्या सुनेला हाताशी घे. फोनवर कुणी ओटीपी मागितला तर बाबांनीही द्यायचा नाही, तो कितीही बँकेतला असो. एफडीचे कागद पत्र्याच्या पेटीत, बाप्तिस्म्याच्या दाखल्यांखाली ठेवलेत. दर महिन्याच्या पाच तारखेला तुमच्या खात्यात ८,००० रुपये येतील, ते मी आधीच बाजूला टाकलेत. वापरा. माझ्या लग्नासाठी म्हणून साठवत बसू नका.

त्या स्थळाचं मावशीला मी स्वतः सांगेन. तुझ्यावर येऊ देणार नाही.

आपल्या आणि तिथल्या वेळेत अडीच तासांचा फरक. तुमच्या रात्री नऊला माझे साडेसहा वाजलेले असतील, कामातून सुटलेली असेन. रोज तेव्हा फोन. एखादा दिवस चुकला तर नेट गेलं असेल, दुसरं काही नाही. लगेच टीव्ही लावू नका.

कधी कधी वाटतं, पत्र फाडून टाकावं, तिकीट रद्द करावं आणि तुमच्या दोघांच्या मधे येऊन झोपावं, लाइट गेल्यावर झोपायचे तशी. आई वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालायची आणि घालता घालता तिलाच झोप लागायची. आजी म्हणायची ते सारखं कानात येतं, "पोरी, संभाळीसन राह्यजो." राहीन.

शुक्रवारी निघते आहे, साक्रीमार्गे येणाऱ्या एसटीने. चार दिवस घरीच आहे. चाचीकडे आपण तिघं मिळून जाऊ, तिला मलाच सांगायचंय, तोवर गल्लीत बोलू नका. बाबा, स्टँडवर घ्यायला येऊ नका, गाडीला उशीर होतो. यायचंच असेल तर रिक्षाने या, आणि डोक्याला रुमाल बांधून.

तुमचीच,
चिमी