“आडवं झाल्यावर कसं वाटतं?” या प्रश्नाबद्दल

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

दीड महिना यांचं डोकं दुखत होतं. आधी अर्धशिशीच्या गोळ्या झाल्या, मग सायनसच्या. सकाळी दात घासायला उभे राहिले की पाच-दहा मिनिटांत मानेतून ठणका चढायचा, कानांत दडे बसायचे. ब्रश तोंडात तसाच धरून हे येऊन पलंगावर आडवे व्हायचे. मला वाटायचं, अशक्तपणा आहे. मग सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजूंना, आवरणाखाली रक्त साठलेलं दिसलं. कवटीला भोक पाडून ते काढावं लागेल असं सांगितलं गेलं, आणि तुमच्याकडे आम्ही आलो तेव्हा मी सही करायची मनाची तयारी करूनच आले होते.

तुम्ही फिल्म बाजूला ठेवलीत आणि यांना विचारलंत, “आडवं झाल्यावर कसं वाटतं?”

“थांबतं,” हे म्हणाले.

तुम्ही खुर्ची ओढून बसलात. कुठे पडला होतात? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे? दोन्हींचं उत्तर “नाही” असंच होतं. मग काही न लागता दोन्हीकडे रक्त आलं कुठून, हा प्रश्न तोवर कुणाला पडलाच नव्हता.

स्कॅनच्या पाकिटावर तुम्ही काढून दाखवलेलं चित्र मी जपून ठेवलंय. मेंदू ज्या पाण्यात तरंगतो ते जेमतेम 150 मिली. मणक्याच्या आवरणाला बारीक चीर गेली की ते झिरपतं, उभं राहिलं की मेंदू खाली ओढला जातो, भोवतालच्या शिरा ताणून फाटतात. गळती तशीच ठेवून वरचं रक्त काढलं तर मेंदू आणखी खाली सरकण्याची भीती. “पण गुंगी वाढली तर मी थांबणार नाही,” हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. त्या रात्री सिस्टर दर तासाला यांच्या डोळ्यांत टॉर्च मारत होत्या.

डाय देऊन केलेल्या एमआरआयमध्ये मेंदूचं आवरण उजळलेलं दिसलं, मणक्याबाहेर पाणीही दिसलं. सुई घालून त्या पाण्याचा दाब मोजायचा आग्रह तुम्ही धरला नाहीत. दाब नॉर्मल निघाला तरी हा गळतीचा आजार असू शकतो, म्हणालात.

मग ती चीर बुजवायला ब्लड पॅच. यांच्याच हातातून काढलेलं 20 मिली रक्त पाठीत इतकं सावकाश सोडत होतात, आणि दर थोड्या वेळानं, “दाब वाटला की बोला हं.” पहिला पॅच चारच दिवस टिकला. मी रडले. दुसऱ्यांदाही तुम्ही तेवढ्याच शांतपणे केलंत.

“आता आडवं झाल्यावर दुखलं तर उशी उंच करा आणि मला फोन करा,” हे आधीच सांगून ठेवलं होतंत म्हणून तिसऱ्या रात्री आम्ही घाबरलो नाही. पाण्याचा दाब उलट वाढला होता; गोळ्यांनी उतरला.

सहा आठवडे वाकणं नाही, वजन उचलणं नाही, सगळं पाळलं. परवाच्या स्कॅनमध्ये रक्त जिरलंय, कवटीला हात न लावता. काल यांनी आरशासमोर उभं राहून पूर्ण दाढी केली. मी दारातच उभी होते.

पुढच्या तपासणीला येऊ तेव्हा बाहेर रांग असेल आणि मला बोलता येणार नाही, म्हणून हे लिहून पाठवतेय.

आपली कृतज्ञ,
तुमच्या पेशंटची पत्नी