कारखाने गोव्यात, संशोधन मात्र बाहेर

महोदय,

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, गुणवत्ता नियंत्रण विभागात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे औषध उद्योग आणि सरकार यांच्या बैठकीची बातमी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. मागण्या ठरलेल्या: जमीन, करसवलत, लवकर परवाने.

सवलतीमुळे उद्योग इथे आला, हे खरेच. मागास राज्यांच्या यादीत गोवा होता, आयकरात सूट होती, म्हणून वेर्णा, कुंडई, पिळर्ण भरले. २००३ मध्ये केंद्राने हिमाचलला अबकारी सूट दिली आणि बरेच नवे प्रकल्प तिथल्या बद्दीकडे वळले. संशोधन तर इथे फारसे आलेच नाही. ल्युपिनचे पुण्याला, सिप्लाचे विक्रोळीला, ग्लेनमार्कचे महापेला. पिळर्णला युनिकेमचे आहे, पण अशी उदाहरणे थोडी. संशोधन खर्चावर करपात्र उत्पन्नातून २०० टक्के वजावट मिळत होती तेव्हाही हेच चित्र होते. ती २०१७ मध्ये १५० आणि २०२० पासून १०० टक्क्यांवर आली. ती पुन्हा वाढवायची तर खुशाल वाढवावी, पण तेवढ्याने कोणी प्रयोगशाळा घेऊन वेर्ण्याला येईल असे मला वाटत नाही.

गाडी अडते ती पायलट बॅचपाशी, म्हणजे मोठ्या उत्पादनाआधीच्या चाचणी-उत्पादनापाशी. टेबलावर जमलेला फॉर्म्युला मोठ्या मशीनवर तसाच वागत नाही. ग्रॅन्युलेशन (पावडरीचे दाणे बनवणे) बिघडते, गोळी वेळेत विरघळत नाही. अमेरिकेतल्या जेनेरिक अर्जासाठी पायलट बॅच एक लाख गोळ्यांची किंवा उत्पादन बॅचच्या दहाव्या हिश्शाएवढी, यांत जी मोठी ती लागते. पुढे ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने स्थिरता चाचणी. छोट्या कारखानदाराने यासाठी चालू ऑर्डर थांबवायची का? शिवाय २०१८ मध्ये व्हालसार्टन या रक्तदाबाच्या औषधात नायट्रोसामाइन ही कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी सापडली, तेव्हापासून तिची तपासणी मागे लागली आहे. त्याला लागणारे एलसी-एमएस हे सूक्ष्म अशुद्धी मोजणारे यंत्र छोट्यांना परवडत नाही. कुंडईतले माझे एक परिचित नमुने परराज्यात पाठवतात आणि रिपोर्ट येईपर्यंत माल क्वारंटाइनमध्ये पडून असतो. सुधारित शेड्यूल एमसाठी, म्हणजे औषध कारखान्यांच्या उत्पादन-नियमांसाठी, एएचयू (शुद्ध हवा पुरवणारी यंत्रणा) बदलण्यातच त्यांची शिल्लक संपली. नवे औषध काढा, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

केंद्राची औषध संशोधनाची ५,००० कोटींची पीआरआयपी योजना २०२३ मध्ये आली. त्यातले ७०० कोटी नायपर या औषधनिर्माण शिक्षण-संशोधनाच्या देशातल्या सात केंद्रीय संस्थांसाठी आहेत. गोव्यात नायपर नाही, पण पणजीत १९६३ पासून गोवा कॉलेज ऑफ फार्मसी आहे. राज्याने वेर्ण्यात एक भूखंड द्यावा, मोठ्या कंपन्यांनी यंत्रे द्यावीत आणि या महाविद्यालयाच्या एम.फार्म.च्या मुलांना तिथे काम मिळावे. सामायिक पायलट प्लांट आणि एलसी-एमएस, शुल्क भरून कोणीही वापरावे. आज ही मुले पदवी हातात पडताच हैदराबादची वाट धरतात.

आणि या सामायिक प्लांटची वीज अखंड हवी. पावसाळ्यात वीज गेली की जनरेटर लागेपर्यंत स्टेबिलिटी चेंबरचा, म्हणजे स्थिरता चाचणीच्या कपाटाचा, आलेख घसरायचा आणि आम्ही रात्री डेव्हिएशन (ठरलेल्या मर्यादा मोडल्याची नोंद) लिहीत बसायचो.

पुढच्या बैठकीला कुंडई-मडकईच्या छोट्या कारखानदारांनाही बोलवावे, आणि त्यांना बोलायला वेळ चहापानात नव्हे, विषयपत्रिकेवर द्यावा.

– एक निवृत्त औषध विश्लेषक, फोंडा