विषय : पेरू देशातील चोकेकिराव सहलीत मराम्पाता गावातील होमस्टे न देता त्याचे पैसे घेतल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी आपल्या कार्यालयाशी झालेल्या संभाषणानंतर फोनवर बोलण्यासारखे काही उरलेले नाही, म्हणून ही तक्रार लेखी करीत आहे.

आपण कोणती सहल विकली हे आपल्याला ठाऊक आहेच. काचोरा गावच्या खेचरवाल्यांबरोबर दरीच्या काठावरील कापुलियोकला जायचे, तेथून अपुरिमाक नदीपर्यंत सुमारे 1,400 मीटर उतरायचे, पुन्हा जवळजवळ तेवढेच चढून मराम्पाता गावातील कुटुंबांच्या घरी मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी गावातल्याच वाटाड्याबरोबर चोकेकिरावचे इंकाकालीन अवशेष पाहायचे, असा तो कार्यक्रम होता. नियोजन गावाचे, वाटाड्या गावचा, घरे पाळीपाळीने आणि पैसा थेट गावात, असे आपल्या माहितीपत्रकात छापलेले आहे. आमच्या पावतीवर 'होमस्टे व ग्रामनिधी' अशी स्वतंत्र ओळ असून तिची रक्कम आपण सहलीच्या कितीतरी आधी पूर्ण वसूल केली. माचू पिक्चूची सोपी, रेल्वेने जाता येणारी सहल सोडून आम्ही ही अवघड वाट निवडली, ती केवळ या आश्वासनामुळे.

प्रत्यक्षात कुस्को शहरातून आलेल्या आपल्या माणसांनी मराम्पाताच्या कडेला तंबू ठोकले आणि कुस्कोहूनच आणलेले पाकिटातले सूप आम्हाला दिले. वाटाड्याही कुस्कोचाच होता. चोकेकिरावच्या पश्चिम उतारावरील पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांच्या बांधांत पांढऱ्या दगडांनी लामांच्या आकृती बसवलेल्या आहेत. त्या पाहायला मुख्य चौकापासून बरेच खाली उतरावे आणि परत चढावे लागते. 'वेळ नाही' एवढे सांगून त्याने तो भागच वगळला. चोकेकिरावला जाऊन त्या आकृती न पाहता परतावे लागणे हीदेखील माझी तक्रार आहे, पण ती दुय्यम आहे.

मुख्य तक्रार अशी की गावात आमची वाट पाहिली जात होती. संध्याकाळी एक गृहिणी तंबूंपाशी आल्या. माझ्या भाचीला स्पॅनिश येत असल्यामुळे त्या काय म्हणत आहेत ते आम्हाला कळू शकले. पाहुण्यांत काही जण शाकाहारी आहेत, हा निरोप त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचला होता आणि त्यानुसार त्यांनी बटाटे व किन्वा या तेथील धान्याचे मांसाशिवायचे सूप करून ठेवले होते, खोलीत अंथरुणेही घातली होती. मुक्काम रद्द झाल्याचा निरोप मात्र त्यांना कोणीही दिला नव्हता. मराम्पाताला मोटाररस्ता नाही. तेल, साखर, गॅसची टाकी, सारे खेचराच्या पाठीवर ती दरी ओलांडून येते. तेथे पाहुण्यांची तयारी ऐनवेळी होत नाही आणि झालेली तयारी वाया गेली तर तिचा भुर्दंड त्या घरालाच सोसावा लागतो. आम्हाला कोणतेही पैसे मिळालेले नाहीत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आम्ही त्यांच्या घरी जाऊन जेवलो आणि त्या जेवणाचे पैसे स्वतंत्रपणे दिले, परंतु आमच्याकडून आधीच घेतलेल्या रकमेचा हिशेब त्यामुळे मिटत नाही.

आता आजच्या फोनविषयी. आपल्या प्रतिनिधीने सर्व हकीकत ऐकून घेतली, मला बराच वेळ थांबवून ठेवले आणि परत येऊन विचारले, "मॅडम, राहण्याची सोय झाली होती ना?" झाली होती, पण पैसे ज्या सोयीचे घेतलेत ती झाली नाही, असे मी म्हणाले. त्यावर उत्तर आले, "तंबू हे खरे तर अपग्रेड आहे मॅडम, गावातल्या घरांत संडास-बाथरूमचा त्रास असतो, लोक तक्रारी करतात." मी विचारले, की मग माहितीपत्रकात घरे का छापता आणि पावतीत त्यांचे पैसे का लावता? ते म्हणाले, "अवशेष तर पाहिलेत ना? मुख्य आकर्षण तेच आहे." मी पुन्हा विचारले, की त्या कुटुंबाचे पैसे कुठे आहेत? तेव्हा ते हसले, आणि हे हसणे मी विसरणार नाही, व म्हणाले, "त्या लोकांचे तुम्ही कशाला मनावर घेता? त्यांना सवय असते." त्यानंतर त्यांनी पुढच्या सहलीसाठी सवलतीचे कूपन देऊ केले आणि त्याबदल्यात चांगला अभिप्राय लिहिण्याची विनंती केली.

कशाची सवय असते? दिवसभर स्वयंपाक करून कोणी न येण्याची, की त्यांच्या नावावर पुण्यात गोळा केलेले पैसे त्यांना कधीच न मिळण्याची? हे आपल्या कंपनीचे अधिकृत मत असेल तर ते माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापावे. नसेल तर तसे मला लेखी कळवावे.

मी पुन्हा सांगते, कारण फोनवर प्रत्येक वेळी हाच मुद्दा बाजूला सारला गेला : होमस्टेचे पैसे आपण घेतले, होमस्टे दिला नाही आणि ज्या घरांच्या नावाने ते घेतले त्या घरांनाही दिले नाहीत.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. 'होमस्टे व ग्रामनिधी' या ओळीखाली आमच्या गटाकडून घेतलेली संपूर्ण रक्कम मराम्पातातील संबंधित कुटुंबांना द्यावी आणि त्यांच्या सहीची पोचपावती मला पाठवावी. ती मला परत नको, ती त्यांची आहे. गावच्या वाटाड्याच्या नावाने घेतलेले शुल्क मात्र आम्हाला परत करावे. तसेच जी व्यवस्था आपण देत नाही तिची जाहिरात त्वरित थांबवावी. कूपन मी स्वीकारलेले नाही आणि स्वीकारणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. माझ्या राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याचा अधिकार हा कायदा मला देतो, त्यामुळे आपले मुख्य कार्यालय अन्यत्र असल्याची सबब चालणार नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे वेगळी तक्रार जाईल. त्या प्राधिकरणाला 10 लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. माहितीपत्रक, पावती, तंबूंची छायाचित्रे आणि आजच्या संभाषणाची वेळ या सर्वांची नोंद माझ्याकडे आहे. पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

यापुढील सर्व पत्रव्यवहार लेखी असावा. त्या प्रतिनिधीचा फोन मी घेणार नाही.

आपल्या चोकेकिराव सहलीतील एक ग्राहक,
पुणे