कूलर बंद करणाऱ्या ताईंना

जय गुरुदेव ताई,

तोंडावर आभार मानले असते तर "धंदाच आहे जी आमचा, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही मला चहा पाजून वाटेला लावलं असतं. म्हणून चारचौघांत लिहितो आहे. तुमचं नाव घेत नाही, दुकानाचंही नाही. हिंगणघाटकडच्या लोकांना ओळखायचं ते ओळखतीलच.

आमची मागणी साधी होती. बाबांच्या भजनांच्या कॅसेटी मी संगणकावर उतरवून घेतल्या होत्या, त्या ऐकायच्या. आईला झाडीपट्टीची नाटकं आणि नातेवाइकांच्या लग्नांचे व्हिडिओ टीव्हीवर पाहायचे. आणि हे सगळं ज्या डब्यातून, म्हणजे संगणकातून, चालेल तो डबा गप्प पाहिजे. ही शेवटची अट सांगितली की समोरचा माणूस हसायचा. शहरातल्या एका काचेच्या दाराच्या दुकानात तर एसीत बसलेल्या पोरानं विचारलं, "काका, गावात कूलर चालतो ना तुमच्याकडे? मग संगणकाचा पंखा ऐकू येतो कोणाला?" आणि आतून लाल-निळे दिवे लागणारा, तीन-चार पंख्यांचा टॉवर काढून दिला. "गेमिंगवाला आहे, कधीच अडणार नाही." आमच्या घरी गेम खेळणार कोण? बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत.

कूलरचं त्याचं म्हणणं खोटं नाही. एप्रिलपासून मृग लागेपर्यंत आमच्या घरात कूलर असा गरजतो की मीठ मागायचं तरी ओरडावं लागतं. तेव्हा कोणी भजन ऐकत नाही. बाबांची ऐकायची वेळ काकड आरतीची, कार्तिकातली पहाट. जन्मभर भजनी मंडळात पेटी वाजवलेला माणूस. पंख्याचा आवाजही त्यांना सूर म्हणूनच ऐकू येतो. "पांढरी चारच्या जरा खाली लागला आहे," म्हणायचे, "आणि तिथंही टिकत नाही." खरंच टिकत नव्हता. आत तापलं की पंखा वेग वाढवायचा, सूर चढायचा, निवलं की उतरायचा. एकतारी एका सुरात, हा भलत्याच. गेल्या कार्तिकात काही पहाटे त्यांनी सहन केलं आणि मग लावणंच सोडून दिलं. तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं. ते नुसते अंथरुणात जागे पडून राहायचे.

वर आमच्याकडे कापूस. भाव येईल म्हणून अर्ध्या घरात भरून ठेवलेला. पंखा हवा ओढतो, म्हणजे हवेत जे असेल ते सगळंच ओढतो. टॉवरचं झाकण उघडलं तर उष्णता बाहेर टाकायच्या बारीक पात्यांवर रुईचा बोटभर थर बसलेला, आणि पंखा त्याच्यातून हवा काढायला धापा टाकतोय. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "धूळ वॉरंटीत येत नाही." फोन ठेवताना मागं कोणीतरी हसलं. ते हसू अजून माझ्या कानात आहे, आणि हे पत्र थोडंफार त्याच्यासाठीही आहे.

मग आम्ही तुमच्या दुकानात आलो. तुम्ही बजेट विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, "घरी कापूस राह्यते काय?" दुसरा, "टीव्ही कोणता?" आणि तिसरा थेट बाबांना, "बाबाजी, भजनं आणली काय सोबत?" बाबांनी बंडीच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढला. दुकानात कोणी त्यांना काही विचारेल असं त्यांना वाटलंच नव्हतं, तरी आणला होता.

तुम्ही जे समजावलं त्यातलं मला जेवढं कळलं ते लिहितो, दुसऱ्या कोणाच्या कामी येईल. बिनपंख्याचा डबा घ्यायचा तर मुळात कमी तापणारी चिप पाहिजे. मोठी चिप कोंबून नुसता पंखा काढून टाकलेला डबा आपल्या उन्हाळ्यात रांगायला लागतो. म्हणून इंटेलची एन१००, २०२३ साली आलेली, चार कोरची, सहा वॅटची. मी शहाणपणा दाखवला की थोडे पैसे जास्त घालू, पण आय-फाइव्ह घेऊ. तुम्ही म्हणालात, "पिक्चर पाह्याले ताकद नाही लागत दादा. चिपमंधी व्हिडिओ उलगडणारा भाग कोणता आहे ते पाहा लागते." व्हिडिओ आवळून ठेवायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. यूट्यूबचे व्हीपी९ आणि एव्ही१, मोबाइलवर काढलेले एचईव्हीसी, हे सगळं एन१०० त्या वेगळ्या भागात उलगडते, बाकीची चिप निवांत राहते, म्हणून डबा तापत नाही. इंटेलचीच जुनी चिप जे४१२५ स्वस्तात मिळेल, पण तिला एव्ही१ जमत नाही. आणि हेही तुम्हीच सांगितलं की नुसती भजनंच ऐकायची असती तर रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक धातूच्या कव्हरात घालून दिला असता, त्याहून कमी पैशात भागलं असतं. गिऱ्हाईकाला स्वस्तातला रस्ता दाखवणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क तुम्ही डब्यात घालूच दिली नाही, आत काहीच न फिरणारी एसएसडी घातली. जुन्या डिस्कवर भजनांची एक प्रत काढून ती कपाटात ठेवायला सांगितली.

बाबांचा प्रश्न वेगळाच. "पंखा नाही, तं मग हा नवतप्यात जगन कसा बाई?"

तुम्ही डबा उलटा करून दाखवला. ॲल्युमिनियमचं सगळं अंगच पन्हाळी पन्हाळीचं. चिपची उष्णता त्या अंगावर येते आणि तिथून हवेत जाते. चिपची मर्यादा १०५ अंशांची, आणि तिकडे जायला लागली तर ती आपला वेग स्वतःच कमी करते, जळून जात नाही. "हात लावाल तं चांगला गरम लागन, घाबरू नका. फक्त कपाटात कोंडू नका, टीव्हीच्या मागं टांगू नका, चारी बाजूंनी हवा लागू द्या."

आणि मग तुम्ही उठून कूलर बंद केला.

हे ज्यानं आपला मे महिना काढलेला नाही त्याला कळणार नाही. दुपारी दोनचा सुमार, बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, तुमच्या दुकानाला वरून पत्रे. तुम्ही कूलर बंद केला, छताचा पंखा बंद केला, शटर अर्धं ओढलं, दोन डबे टेबलावर मांडले आणि म्हणालात, "आता आइका जी बाबाजी." प्रिंटरच्या शाईसाठी आलेल्या एका माणसालाही तुम्ही हातानंच खूण करून बाकावर बसवलं. तो बिचारा काही न कळता बसला.

बाबांनी आमच्या मोठ्या बाबांचं, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचं, भजन लावायला सांगितलं. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात कोणीतरी टेप केलेलं. खंजिरी, एकतारी, आवाज. मी ते घरी कितीदा तरी ऐकलं होतं. भजन संपलं, खंजिरी थांबली, तुम्ही पुढचं लावायला माउसकडे हात नेला तर बाबांनी डोळे न उघडता बोट वर केलं. एकतारीची तार अजून वाजत होती. टेपच्या खरखरीच्या खालून, बारीक होत, कितीतरी वेळ. टॉवरच्या पंख्याखाली ही तार आम्हाला कधी ऐकूच आली नव्हती. तुमच्या हनुवटीवरून घामाचा थेंब बिलबुकावर पडला, निळ्या शाईचा आकडा पसरला, पण तुमचा हात माउसवर तसाच थांबलेला. बाबांचं बोट खाली येईपर्यंत तुम्ही तो हलवला नाही. ताई, मला आभार मानायचे आहेत ते या थांबलेल्या हाताचे.

मग आमची पोरगी म्हणाली, "त्या मोठ्या डब्यातून शिट्टी येते." आम्हाला कोणालाच येईना. तुम्ही हसलात नाही. तिला दोन्हींना कान लावायला सांगितलं, डब्यांची जागा बदलून पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तोच दाखवला. मग तुम्ही सांगितलं की पंखा नसला तरी बोर्डावरची वेटोळी वीज खेळताना कधी कधी बारीक किणकिणतात, आणि वय वाढलं की तेवढे उंच सूर कानाला लागत नाहीत, "याले लहान पोरांचेच कान लागते." बाबांना खालचे सूर, पोरीला वरचे, असे दोघांचे कान लावून पाहिल्यावर तो मोठा डबा, जो महाग होता, तुम्ही खोक्यात भरून ठेवला. लहान राहिला. मग त्यावर एक लांबलचक व्हिडिओ लावून तसंच उकाड्यात चालू ठेवलं: "आता दुकान तुमच्या घरावानीच तापलं आहे, पाहू काय करते तो." तो काही अडखळला नाही. आम्हीच घामानं भिजलो होतो.

आपल्याकडे मे महिन्यात माणूस पाणी देतो, सावली देतो, अनोळखी माणसालाही "बसा जी" म्हणतो. यात विदर्भाचा हात कोणी धरू शकत नाही. पण स्वतःचा चालू कूलर दुसऱ्याच्या कानासाठी बंद करणं, ही वेगळीच गोष्ट आहे. चांगुलपणा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रक्तदान येतं, पुरात उडी मारणारा येतो. तसले प्रसंग किती जणांच्या वाट्याला येतात? पण म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न पूर्ण होईपर्यंत थांबायची संधी बँकेत, तहसीलला, दवाखान्यात, दुकानात, प्रत्येक खिडकीमागच्या माणसाला दिवसातून कितीदा तरी येते, आणि बहुतेक जण ती घालवतात. मी शिक्षक आहे, वर्गात आम्हीही घालवतो. त्या काचेच्या दुकानातल्या पोरावर माझा राग आहेच, पण त्याला कोणी कूलर बंद करून दाखवलेला नाही एवढंच असेल.

घरची हकीकत सांगतो. डबा टीव्हीशेजारी फळीवर आहे, भिंतीपासून चार बोटं सोडून. आईनं पहिल्याच दिवशी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला, कारण आमच्या घरात मिक्सरपासून फोनपर्यंत काहीच उघडं राहत नाही. बाबांनी काढला. तिनं पुन्हा घातला. "बाईनं हवा लागू द्या म्हटलं आहे," हे वाक्य आता घरात कोर्टाच्या निकालासारखं चालतं, तरी अपील चालूच आहे. उन्हाळा त्यानं काढला. कापूस पुन्हा घरात आला आहे, पण आत ओढणारं काही नाही, म्हणून वरवर फडकं मारलं की झालं. लाइन गेली तरी इन्व्हर्टरवर तो आणि टीव्ही दोन्ही चालतात. डब्याचा भार एखाद्या एलईडी दिव्याएवढाच. बाबा पहाटे स्वतः उठून लावतात. परवा म्हणाले, मोठ्या बाबांची एकतारी त्या दिवशी जरा उतरलेली होती. चाळीसेक वर्षांनी चूक काढली भावाची! इतके खूश ते दिवाळीतही नव्हते.

मार्गशीर्षात शेतात रोडगे आहेत. तुम्ही, घरचे सगळे, आणि तो शाईवाला भाऊ ओळखीचा असेल तर त्यालाही घेऊन या.

तुमचा,
पेनड्राइव्हवाल्या बाबाजींचा मुलगा

ता. क. टीव्हीचा रिमोट या डब्याला चालणार नाही हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. आईला ते पटलेलं नाही, ती तोच दाबत बसते आणि छोट्या कीबोर्डला हात लावत नाही. यूएसबीत खोचायचा, मोठ्या बटणांचा साधा रिमोट असेल तर एसटीच्या कंडक्टरजवळ द्या, मी स्टॉपवर घेतो. पैसे या वेळी आधी सांगा.