खचणाऱ्या मैदानावर मुरूम ओतणे थांबवावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातील सार्वजनिक मैदान यंदाही पावसाळ्यापूर्वी मुरूम टाकून सपाट केले जाणार असल्याचे समजले. मुलांचा खेळ बंद पडू नये ही त्यामागची भावना योग्यच आहे. परंतु दरवर्षी ज्या जागी जमीन खचते त्याच जागी दरवर्षी तोच भराव टाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे पाटबंधारे खात्यात मातीकामावर नोकरी केलेला एक निवृत्त अभियंता म्हणून मला स्पष्टपणे मांडावेसे वाटते.

हे मैदान जुन्या दगडखाणीवर झालेले आहे. खाण बंद पडल्यावर तीत अनेक वर्षे पाडकामाचा राडारोडा, गाळ आणि घरगुती कचरा पडत राहिला आणि शेवटी वर मुरमाचा थर पसरून, रोलर फिरवून ती जागा खेळासाठी खुली करण्यात आली. रोलरची दाब देण्याची ताकद वरच्या वीतभर मातीपुरतीच असते. खालचा सर्व भराव जसा पडला तसा सैलच राहतो. खाणीच्या कडेला भराव उथळ आणि मध्यभागी खोल असल्यामुळे मैदान सगळीकडे सारखे न खचता मध्ये जास्त आणि कडेला कमी खचते, म्हणूनच त्याला बशीसारखा आकार येतो. त्या खोलगट भागात पावसाचे पाणी साचते, भरावात मुरते, दगड-विटांच्या तुकड्यांमधील बारीक माती खालच्या पोकळ्यांत वाहून नेते, आणि त्यामुळे पुढच्या वर्षीचा खड्डा अधिक मोठा होतो. कचऱ्यातील सेंद्रिय भाग तर अनेक वर्षे कुजतच राहतो, त्यामुळे त्याचे आकारमान घटते आणि हवेविना कुजताना त्यातून मिथेन वायूही तयार होतो. यांतील एकही क्रिया वरून मुरूम टाकल्याने थांबत नाही.

उलट खचण्याला हातभारच लागतो. पूर्ण आकाराचे फुटबॉलचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद धरले, तर त्यावर ३० सेंटिमीटर जाडीचा मुरूम पसरण्यासाठी दोन हजार घनमीटरहून अधिक माल लागतो, आणि दबाई केलेल्या मुरमाचे वजन घनमीटरला सुमारे १.८ टन धरले तरी हा बोजा साडेतीन हजार टनांच्या पुढे जातो. जो भराव स्वतःचेच वजन पेलू शकत नाही, त्याच्या डोक्यावर आपण हा बोजा ठेवतो आणि तो पुन्हा का बसला असे विचारतो.

आता वर कृत्रिम हिरवळ अंथरण्याचाही प्रस्ताव असल्याचे ऐकिवात आहे. खालची जमीन स्थिर केल्याशिवाय तो खर्च करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दर्जेदार कृत्रिम हिरवळीवर तीन मीटर लांबीची सरळ पट्टी ठेवली असता खाली १० मिलिमीटरपेक्षा अधिक फट राहू नये, अशी फिफाची अपेक्षा असते. खाणीच्या भरावावर हा सपाटपणा एक पावसाळाही टिकणार नाही. गालिचाचे सांधे उसवतील, आणि खड्डा डोळ्यांना न दिसता केवळ पायाला लागेल, जे धावणाऱ्या मुलाच्या घोट्यासाठी आणि गुडघ्यासाठी उघड्या खड्ड्यापेक्षाही घातक आहे.

जमिनीखाली काय आहे याची दखल न घेतल्यास काय होऊ शकते, याची दोन उदाहरणे ताजी आहेत. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ऑल्टन या गावी जून २०२४ मध्ये, खालच्या चुनखडीच्या खाणीमुळे, फुटबॉलच्या मैदानाच्या मधोमध सुमारे १०० फूट रुंदीचे विवर पडले आणि दिव्याचा खांबही त्यात गेला; त्या क्षणी मैदानावर कोणी नव्हते म्हणून जीवितहानी टळली. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घूस येथे ऑगस्ट २०२२ मध्ये जुन्या भूमिगत कोळसा खाणीच्या परिसरात एक राहते घर जमिनीत गडप झाले. आमचे मैदान अशा भुयारी खाणीवर नसून उघड्या खाणीच्या भरावावर आहे, त्यामुळे येथे जमीन सावकाश बसते आणि लोकांनी उगाच घाबरून जाऊ नये. मात्र मैदानाच्या पूर्वेकडून जुनी सांडपाण्याची वाहिनी जाते. फुटक्या वाहिनीत आजूबाजूची माती ओढली जाऊन वर पोकळी तयार होण्याचा प्रकार शहरांत नवा नाही. म्हणून त्या बाजूला पावसानंतर दिसणारा गोल खड्डा बुजवण्याआधी वाहिनी तपासली जावी आणि तोवर तेवढा भाग कुंपण घालून बंद ठेवावा.

मुळात आधी तपासणी व्हायला हवी. मैदानावर ठरावीक अंतराने खुणा रोवून त्यांची पातळी पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि नंतर मोजली, तर कोणता भाग किती वेगाने खचतो हे अल्प खर्चात समजते. त्याबरोबर चाचणी खड्डे आणि खडकापर्यंत जाणारे बोअर घ्यावेत. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकून नळी ३० सेंटिमीटर आत जाण्यास किती ठोके लागतात, ही जमिनीचा घट्टपणा मोजणारी प्रमाणित चाचणी आपल्याकडे सर्रास होते. राडारोड्यातील मोठे दगड तिचे आकडे फसवे करू शकतात, म्हणून केवळ एका-दोन बोअरवर विसंबू नये. जमिनीखालचे टिपणाऱ्या रडारने पाहणी करण्याचे प्रस्ताव येतील. पण ओल्या चिकणमातीत रडारच्या लहरी लवकर विरतात, हे निर्णय घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

उपाय भरावाच्या खोलीवर ठरेल. जेथे भराव दोन-तीन मीटरच आहे तेथे तो उपसून, कचरा वेगळा काढून, चांगला मुरूम २० सेंटिमीटरच्या थरांत योग्य ओलाव्यावर टाकावा आणि प्रत्येक थराची दबाई प्रॉक्टर घनतेच्या (प्रयोगशाळेतील प्रमाणित दबाईत मिळणाऱ्या कमाल घनतेच्या) ९५ टक्क्यांपर्यंत झाल्याची चाचणी घेऊनच पुढचा थर घालावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण याला तोड नाही. जेथे भराव खोल आहे तेथे मातीचा उंच ढीग काही महिने मुद्दाम ठेवून जमीन आधीच बसवून घेता येते, किंवा दगडी स्तंभ, म्हणजे खोल भोकांत खडी ठासून केलेले खांब, घालता येतात. उंचावरून अवजड वजन आपटून भराव ठोकण्याची पद्धत स्वस्त असली, तरी मैदानाला लागून घरे असल्याने तिच्या हादऱ्यांमुळे ती येथे वापरू नये. सिमेंटचे ग्राउटिंग (पातळ मिश्रण दाबाने आत भरणे) किंवा फुगणारे रेझिन हे रसायन टोचणे हे एखाद्या ठरावीक पोकळीसाठी ठीक आहे. कुजणाऱ्या कचऱ्यावर ते वाया जाईल. जिओग्रिडची (मातीत अंथरायची मजबूत प्लास्टिकची) जाळी खचणे थांबवत नाही, पण ते अधिक सारखे करते, त्यामुळे उपसून भरलेला भाग आणि खोल भाग जेथे मिळतात तेथे ती अवश्य घालावी.

मैदानाची पश्चिम बाजू खाणीबाहेरच्या मूळ काळ्या जमिनीवर आहे आणि तेथील दुखणे वेगळे आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कट्टी यांनी अशा मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे मीटरभर थर देण्याची पद्धत विकसित केली आणि ती कालव्यांच्या कामांत वापरली गेली. तीच येथे लागू पडेल. काळ्या मातीत चुना मिसळण्याचाही पर्याय आहे, परंतु चुन्याने जमीन अल्कधर्मी होऊन गवताची मुळे धरत नाहीत, म्हणून वर स्वतंत्र सुपीक मातीचा थर राखावा लागेल. रस्त्याची जमीन फक्त घट्ट असली तरी भागते. मैदानाची जमीन स्थिर असावी, पाणी निचरणारी असावी आणि पडणाऱ्या मुलाला सोसवेल इतकी मऊही असावी.

या सर्वाला सल्लागाराची फी आणि एखाद्या हंगामाची गैरसोय मोजावी लागेल, याची मला जाणीव आहे. म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. मुरमाची यंदाची निविदा स्थगित करावी आणि तोच निधी तपासणीसाठी वळवावा. बोअरचे अहवाल नागरिकांना पाहता यावेत. पुढील कामाच्या निविदेत दबाईच्या चाचण्या, कडेने निचऱ्याचे चर, वायू बाहेर जाण्यासाठी नळ्या आणि किमान तीन पावसाळ्यांचे दोषदायित्व (दोष निघाल्यास ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करण्याची जबाबदारी) यांचा स्पष्ट उल्लेख असावा. काम चालू असताना मुलांना सरावासाठी जवळच्या शाळेचे पटांगण संध्याकाळी उपलब्ध करून द्यावे. त्यासाठी शाळेशी बोलण्याची तयारी परिसरातील काही पालकांनी दाखवली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता