मंत्रिमहोदय, मी नाव सांगून बोललो म्हणून सापडलो

प्रति,
माननीय केंद्रीय दूरसंचार मंत्री,
नवी दिल्ली.

विषय : आणीबाणीच्या प्रसंगी परवान्याबाहेरच्या फ्रिक्वेन्सीवर बोलल्याबद्दल हौशी रेडिओ चालकावर झालेली कारवाई.

महोदय,

सविनय नमस्कार. हे पत्र मी मराठीत लिहीत आहे, कारण केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे केंद्रात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने मला दिलेला आहे. शिवाय माझ्या या प्रकरणात नोटीस इंग्रजीत आली, पंचनामा कन्नडमध्ये झाला आणि सुनावणी हिंदीत पार पडली. तेव्हा त्यात आरोपीच्या भाषेची भर पडल्याने फारसे काही बिघडेल असे वाटत नाही.

मी सदुसष्ट वर्षांचा आहे. बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत पॅटर्न बनवण्याच्या कामात आयुष्य गेले आणि निवृत्तीनंतर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडे, वडिलोपार्जित घरी राहायला आलो. हौशी रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून स्वतःच्या संचावरून इतरांशी बिनतारी बोलण्याचा, परवाना माझ्याकडे १९९१ पासून आहे. पहिल्या श्रेणीची परीक्षा तेव्हा मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने मोर्स, म्हणजे टिंब-रेषांची तारेची लिपी, घेतल्याशिवाय सुटत नसे, आणि फाउंड्रीतल्या दुसऱ्या पाळीवरून परतल्यावर रात्री बारा वाजता पितळी किल्लीवर टकटक करत बसलेल्या नवऱ्याला सौभाग्यवतीने कसे सहन केले हे तिचे तिलाच ठाऊक. तो परवाना मागच्या आठवड्यात सहा महिन्यांसाठी निलंबित झाला आणि माझा संच आता पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत आहे.

घडले ते असे. मागच्या जुलैत आमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती. मोबाईलच्या मनोऱ्याची बॅटरी पहिल्याच रात्री संपली, आणि त्यानंतर आमच्या खोऱ्यात फोन म्हणजे टॉर्च एवढाच त्याचा उपयोग उरला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर संच लावून मी बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सींचे पट्टे, चाळत असताना १४८.५ मेगाहर्ट्झवर एका पोराचा आवाज आला : ‘कोण ऐकूलंय काय? कोण तरी बोला हो!’ नाल्यापलीकडच्या वाडीतला एक म्हातारा गोठ्यात गवत काढताना फुरसे चावून पडला होता, नाल्याच्या साकवावरून पाणी चालले होते, आणि तरुण मंडळाच्या पोरांकडे गणपतीच्या मिरवणुकीसाठी ऑनलाइन मागवलेले दोन वॉकीटॉकी तेवढे होते.

आता नियम मला पाठ आहे, महोदय. आपल्या देशात दोन मीटरच्या बँडवर हौशी चालकाला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढीच जागा आहे. अमेरिकेत तीच १४८ पर्यंत आहे, पण मी जांबोटीत राहतो, टेक्सासात नव्हे. १४८.५ ही जागा माझी नाही. म्हणून मी आधी पोरांना आमच्या बँडवर बोलावण्याचा मार्ग शोधला. तो नव्हता, कारण विकणाऱ्याने संचाचे चॅनेल संगणकावरून भरून, बटणे बंद करून दिली होती. गोल बटण फिरवले की एक ते सोळा आकडे येतात, एवढेच पोरांना ठाऊक होते. मी दोन मिनिटे नुसता ऐकत राहिलो. त्या जागेवर दुसरे कोणी बोलत नाही याची खात्री केली, आणि मग परवान्यावरचे माझे पूर्ण सांकेतिक नाव (कॉल साइन) सांगून उत्तर दिले. दंशाच्या वर आवळून बांधलेला कासरा सोडायला लावला, पाय हलू न देता फळीला बांधायला सांगितला. त्यानंतर सात मेगाहर्ट्झवर, म्हणजे माझ्या हक्काच्या जागेवर, बेळगाव शहरातील एका हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मित्राला गाठले. त्याने १०८ ला फोन लावला. पोरांनी म्हाताऱ्याला वरच्या अंगाने, रानातून, खांद्यावर आणले आणि रात्री अकराच्या आत तो बेळगावच्या इस्पितळात होता. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचे थांबते. लस वेळेत मिळाली म्हणून तो आज चालता-फिरता आहे आणि या मे महिन्यात काजूची पिशवी घेऊन आमच्या ओसरीवर येऊन गेला.

१४८.५ वर मी एकूण अकरा मिनिटे बोललो. हा आकडा आपल्या खात्याच्या कोणत्याही यंत्राने टिपलेला नाही, तो माझ्या लॉगबुकातला आहे. नियमाप्रमाणे वेळ, फ्रिक्वेन्सी, कोणाशी बोललो, सगळे मी त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात लिहिले आणि वीज आल्यावर, आपण मर्यादेबाहेर गेलो हे खात्याला आपणच कळवावे या भाबड्या समजुतीने, त्या पानाची प्रत पत्रासोबत पाठवून दिली. माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून नोटिशीला जोडलेला एकमेव कागद तोच आहे. त्यावर ‘पाऊस जोराचा, अँटेनाची एक बाजू खाली’ असे मी लिहिले होते तेही त्यांनी झेरॉक्समध्ये जसेच्या तसे ठेवले आहे.

सुनावणीला मी रात्रीच्या बसने गेलो. समोरचे अधिकारी सज्जन वाटले. त्यांनी चहा मागवला, म्हाताऱ्याची चौकशी केली, काम चांगलेच केलेत असे म्हणाले आणि एक माफीपत्र लिहून द्या, फाइल बंद होईल, असे आश्वासन दिले. मी तिथेच बसून माफीपत्र लिहिले. चार महिन्यांनी जो आदेश आला त्यात ‘परवानाधारकाने आपला गुन्हा लेखी मान्य केला आहे’ असे पहिलेच वाक्य आहे. चहाचे पैसे मात्र मागितलेले नाहीत, हे नमूद करतो.

आता कायद्याविषयी. १९३३ च्या बिनतारी कायद्यात विनापरवाना ट्रान्समीटर बाळगणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद होती. २०२३ च्या आपल्या नव्या दूरसंचार कायद्यात कलम ४२ खाली विनापरवाना दूरसंचार जाळे उभारणाऱ्याला कैद तीच, पण दंड दोन कोटींपर्यंत. म्हणजे वीस हजार पट! अपराध दोन्हीकडे अगदी एकच नाही हे मला कळते, आणि माझ्याकडे तर परवानाही होता. तरीही नोटिशीच्या शेवटच्या परिच्छेदात ते दोन कोटी ‘माहितीसाठी’ म्हणून घातलेले आहेत. ती माहिती मिळाल्यावर सौभाग्यवतीने दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. आमचे घर, परसातला काजू आणि दोन म्हशी असे सगळे विकले तरी त्यातले व्याजसुद्धा सुटणार नाही.

याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत परवान्याच्या अटी मोडल्याबद्दल पायऱ्या लावून दिल्या आहेत. सर्वांत वर पाच कोटी, मग एक कोटी, दहा लाख, एक लाख, आणि सर्वांत खाली, किरकोळ चुकीसाठी, नुसती लेखी ताकीद. ज्याने कोणी ती शेवटची पायरी लिहिली त्याला माणसे ठाऊक असावीत. माझी मागणी तेवढीच आहे. मला ताकीद द्या, ती मी चौकट करून रेडिओच्या टेबलावर लावीन, पण संच परत द्या.

दुसरे असे, की आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीच्या ४.९ क्रमांकाच्या तरतुदीनुसार संकटात असलेल्या किंवा संकटातल्याला मदत करणाऱ्या स्थानकाला हाताशी असलेले कोणतेही रेडिओ साधन वापरण्यापासून ती नियमावली अडवत नाही. भारत त्या व्यवस्थेचा सदस्य आहे. हे वाक्य मी माफीपत्रात लिहू लागलो, तेव्हा ‘ते इथे नको’ असे मला सांगण्यात आले. ते आपल्या देशाच्या हौशी सेवेच्या नियमांत स्पष्ट शब्दांत यावे, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या कोणा म्हाताऱ्याला संचासमोर बसून कायदा आठवत राहावे लागणार नाही.

दंड नसावाच, असे मी म्हणत नाही. २०२१ च्या जुलैत अमेरिकेतील आयडाहो राज्यात जंगलाला वणवा लागला असताना तिथल्या वनखात्याच्या फ्रिक्वेन्सीवर एक हौशी चालक बोलला, आणि पुढच्या वर्षी तिथल्या नियामक आयोगाने त्याच्यावर ३४,००० डॉलरचा दंड प्रस्तावित केला. विमाने आग विझवत असताना त्यांच्या मार्गदर्शनात कोणी मध्ये घुसले, तर मदतीचा हेतू असला तरी माणसे मरू शकतात. त्या दंडाविषयी मला सहानुभूती नाही. परंतु तिथे कोणाच्या कामात कोणता अडथळा आला हे कागदावर लिहिले गेले. माझ्या आदेशात मी कोणाला अडथळा केला, याविषयी एक ओळ नाही. अडथळा फक्त फुरशाच्या विषाला झाला.

आणि ज्यांनी ते संच विकले, त्यांचे काय? मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीबद्दल ऑनलाइन बाजारपेठांना १३ नोटिसा काढल्या, मार्गदर्शक तत्त्वेही आली. चांगले झाले. पण बेळगावच्या बाजारात आजही असा संच मोबाईलच्या कव्हरांशेजारी टांगलेला मिळतो आणि १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत हवे तिथे बोलतो. दहापैकी आठ लग्नांत तो कोणाच्या ना कोणाच्या कमरेला दिसतो. मंगल कार्यालयातला आचारी त्यावरून भाताची चौकशी करतो, बांधकामावरचा मुकादम शिव्या घालतो, रिसॉर्टचा रखवालदार गाड्या लावतो. त्यांतला एकही जण नाव सांगून बोलत नाही, म्हणून एकही जण सापडत नाही. मी सापडलो, कारण दर काही मिनिटांनी स्वतःचे सांकेतिक नाव सांगण्याची शिस्त तुम्हीच मला १९९१ मध्ये लावली. माझे नाव, पत्ता, छायाचित्र, सगळे आपल्या दप्तरात आहे. या देशात परवाना काढणे म्हणजे सरकारला स्वतःच्या दाराचा नकाशा देणे होय, आणि सरकारला यायचे असते तेव्हा ते नकाशा असलेल्या घरीच येते.

आले ते असे. दोन हवालदार आणि एक फौजदार आले. संचाला काय म्हणायचे यावर त्यांच्यात बरीच चर्चा झाली आणि शेवटी पंचनाम्यात ‘वॉकीटॉकी, मोठा, एक’ असे लिहिले गेले. मी घरी नव्हतो, तेव्हा सौभाग्यवतीची सही घेतली. तिला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून जास्त आहेत तिथे महत्त्वाचे सरकारी कागद त्यांच्या भाषेतही असावेत, ही कबुली १९५६ पासूनची आहे. खानापुरात मराठी माणसे किती टक्के आहेत हे मी आपल्याला सांगायला नको. पण तो वाद मी दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवतो, नाहीतर रेडिओचे प्रकरण सीमाप्रश्नाच्या फायलीत जाईल आणि ती फाइल किती वेगाने चालते हे आम्ही तीन पिढ्या पाहत आहोत.

संच गेला, पण त्याला वीज पुरवणारा डबा त्यांनी नेला नाही. १३.८ व्होल्टचा तो डबा मी सवयीने अजूनही संध्याकाळी चालू करतो आणि त्याचा पंखा रिकामाच फिरत राहतो. नारळीच्या झाडापासून गच्चीपर्यंत ताणलेली वीस मीटरची तांब्याची तार उतरवून ठेवा, असे तोंडी सांगितले गेले. गुडघा धरत शिडीवरून ती मीच उतरवली, कारण शेजारच्या ज्या पोरांना मी सर्किट शिकवायचो, त्यांना त्यांच्या घरच्यांनी आमच्याकडे यायला मनाई केली आहे. गावात मी आता ‘हेर’ झालो आहे. किराणा दुकानात एकाने हसत विचारले की पाकिस्तानचे भाव काय म्हणतात. पुतण्याच्या पासपोर्टची पोलीस चौकशी आली तेव्हा त्यालाही काकांच्या मशीनबद्दल विचारले गेले. या देशाचे एक पंतप्रधान, राजीव गांधी, व्हीयू२आरजी या सांकेतिक नावाने याच छंदात रमत असत. २००४ च्या त्सुनामीत अंदमानला योगायोगाने गेलेल्या हॅम मंडळींनीच बाहेरच्या जगाशी दुवा जोडला, तेव्हा तुमच्याच सरकारने पाठ थोपटली. आपत्ती आली की आम्ही ‘संपर्काची दुसरी फळी’ आणि पाणी ओसरले की ‘वॉकीटॉकी, मोठा, एक’.

शेवटी एक गोष्ट, जी खरे तर पहिली आहे. जुलै २०२२ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने मोबाईल न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. भीमगडच्या जंगलातली आमगाव, गवाळी, पास्टोली ही गावे आपल्या नकाशात असतील. तिथून आजारी माणूस अजूनही खांद्यावरून येतो. त्या कोट्यवधींतून आमच्या खोऱ्यातल्या मनोऱ्याला तीन दिवस पुरेल एवढी बॅटरी मिळाली असती, तर १४८.५ मेगाहर्ट्झवरचा गुन्हा घडलाच नसता. मनोऱ्याची बॅटरी संपली म्हणून कोणाचा परवाना निलंबित झाल्याचे मी ऐकलेले नाही.

पावसाळा तोंडावर आहे. संच तोपर्यंत परत मिळावा. मुद्देमाल खोलीला ओल येते आणि ओल्या जागी रिले गंजतात, एवढे तरी त्यांना कोणी सांगावे.

रविवारी सकाळी आमच्या मंडळींची सात मेगाहर्ट्झवर हजेरी असते. माझ्याकडे आता वडिलांचा व्हॉल्व्हचा जुना रेडिओ तेवढा आहे. त्यावर आमचे बोलणे शब्दांत उमटत नाही, बदके भांडल्यासारखा आवाज येतो. पण चौतीस वर्षे ऐकलेल्या नावाचा ठेका बदकाच्या आवाजातही ओळखू येतो. मागच्या रविवारी हजेरी घेणाऱ्याने तो ठेका तीनदा म्हटला, थोडा थांबला आणि पुढच्या नावाकडे गेला.

आपला,
परवाना निलंबित एक हौशी रेडिओ चालक,
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव (आपल्या दप्तरी २०१४ पासून बेळगावी)