बाबा, भिंत नको, जाळी

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, आधीच सांगून टाकते. घराभोवतीच्या कुंपणाच्या जाळीला आणि सिमेंटच्या खांबांना मी आगाऊ पैसे देऊन टाकले आहेत. भाऊबीजेला तुम्ही 'भिंत म्हणजे भिंत' म्हणालात, मी गप्प बसले. पण गप्प बसले म्हणजे पटलं असं नव्हे.

पैशांसाठी नाही हो. म्हणजे वाचतायत, मिस्त्रीच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यात होतंय. पण काटोल रोडची आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उथळ पायाची लांब भिंत त्यात तडकतेच. टिकवायची तर खोल पाया, मुरुमाची भर, बीम. अर्धी भिंत जमिनीखालीच. माईकडची तडकलेली भिंत तर तुम्हीच मला दाखवलीत.

हिशेब असा. कडेकडेनं ६२० फूट, १२ फुटांचं फाटक वजा केलं की ६०८. आठ-आठ फुटांवर खांब, म्हणजे कोपरे धरून सुमारे ७८. तुटफुटीसाठी ८२ सांगितलेत. आठ फुटी खांब, अडीच फूट जमिनीत. कोपरे, फाटक आणि लांब बाजूंच्या मध्यावर तिरपे टेकू हवेत, ते १४ वेगळे. टेकू नसले की जाळी ताणताना कोपऱ्याचा खांब आत झुकतो, मग सगळी ओळ ढिली. पाच फुटी जाळीचे ५० फुटांचे १३ बंडल. वर, मध्ये, खाली अशा तीन ओळींना १० गेजची तार, ४० किलो पुरते. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे लक्षात ठेवा. दहा सांगून बारा गळ्यात मारतात.

मोजणीच्या दगडांना दोरी बांधून आधी चुना टाकून घ्या, आणि कुंपण आपल्या धुऱ्यावरून, म्हणजे हद्दीवरून, अर्धा फूट आत. खड्डा सब्बलीनं सरळ, तळाशी थोडा रुंद. वर रुंद ठेवला तर फुगलेली माती काँक्रीटच्या त्या टोपीखाली जोर लावून खांबच उचलते. काँक्रीट फक्त कोपऱ्यांना, फाटकाला आणि टेकूच्या खांबांना; बाकी मुरूम आणि गिट्टी, अर्ध्या-अर्ध्या फुटाचा थर ओला करून कुटायचा. काँक्रीटमध्ये रोवलेल्या खांबांच्या बुडाशी आठवडाभर पाणी मारल्याशिवाय जाळी ताणू देऊ नका. काम आत्ताच, कारण जमिनीत ओल आहे आणि भेगा नाहीत. मे महिन्यात रोवलेले खांब पहिल्या झडीत कलतात.

डुकरं वरून येत नाहीत, खालून उकरतात. म्हणून नाल्याच्या बाजूला जाळीच्या बुडाशी काटेरी तार जमिनीला टेकवून ताणायची. आणि बाबा, कोणी कितीही सांगो, तारेला घरचा करंट लावायचा नाही. माणूस जातो, आणि तो गुन्हाही आहे. लागलंच तर सोलरचं झटका मशीन बघू, त्याचा झटका क्षणभराचा असतो, जीवघेणा नाही.

आई, उघडं वाटेल म्हणून कुरकुरू नकोस. हिरवी नेट फक्त न्हाणीच्या मागे लावू; सगळीकडे लावली तर उन्हाळी वादळात वारा अडतो आणि खांब वाकतात. मृगात आतून दोन फुटांवर मेंदीच्या काड्या, एकेक फुटावर, दोन ओळी, काड्या समोरासमोर न येता. पहिल्या वर्षी गुडघ्याएवढीच छाटायची, नाहीतर बुडाशी विरळ राहते. नाल्याकडे करवंदं. बी ताजंच रुजतं, म्हणून पिकलेल्या करवंदांचं ठेव बाजूला. दूधवाल्यासाठी छोटं दार वेगळं आहे, मोठं फाटक ओढायला लागणार नाही. तुझी जाई जाळीवर भिंतीपेक्षा चांगली चढेल. माझ्या फ्रॉकमधून बोरीचे काटे काढत बसायचीस, तसलं कुंपण आता नको गं.

मजुरांना चहा टपरीवरून येईल, तू ओट्याशी उभी राहू नकोस. बाबा, उन्हात खुर्ची टाकून बसायचं नाही. बीपीची गोळी नाश्त्यानंतर. आणि बंडल उतरवताना एकाचं वजन करून मला फोनवर सांगा, पूर्ण पैसे त्यानंतरच.

तुमची,
मनी